अमायीची सेवा कोणती?

मूळच्या नगरच्या आणि गेली दोन वर्षे मलावीच्या दक्षिण भागात, मुलांजे डोंगराच्या पायथ्याशी पतीसह मिशनरी म्हणून राहणाऱ्या एका भगिनीचे पत्र आले आहे. लग्नाआधी त्या शाळेत शिक्षिका होत्या. मुलगी चार वर्षांची आहे, मुलगा चौदा महिन्यांचा. पती गावोगावच्या मंडळ्यांत पवित्र शास्त्राचे आणि शेतीचे वर्ग घेतात व आठवड्यातले चार दिवस बाहेर असतात. त्या लिहितात :

"परदेशी सेवेचे पाचारण मला माझ्या पतीच्याही आधी झाले होते. आज माझा दिवस पाणी उकळण्यात, लंगोट धुण्यात आणि तापाच्या धास्तीने मुलांच्या कपाळाला हात लावून पाहण्यात जातो. मागच्या महिन्यात आम्हाला पाठवणाऱ्या संस्थेचे एक वडीलधारे भेटीला आले होते. जेवताना त्यांनी विचारले, ‘भाऊंची सेवा पाहिली, तुमची सेवा कोणती?’ मला उत्तर सुचले नाही. सासूबाई म्हणतात की मुलीला शाळेसाठी नगरला त्यांच्यापाशी ठेवावे, म्हणजे मी सेवेला मोकळी होईन. त्या शास्त्रातल्या, मुलाला मंदिरात सोडणाऱ्या हन्नाचे उदाहरण देतात. अलीकडे दुपारच्या वेळी रडू येते आणि आवरत नाही. मी उणी पडते आहे ती मुलांना की प्रभूला?"

प्रिय भगिनी,

सलाम. तुमचे पत्र वाचताना त्या वडिलांच्या प्रश्नापाशी मला हसू आले, त्याबद्दल राग मानू नका. झांबियाच्या पूर्व भागात, चिपाटाजवळच्या एका मिशन कंपाउंडात आम्ही नऊ वर्षे होतो आणि आमच्या दोन्ही मुलांची लहानपणीची वर्षे तिथेच गेली. तिथे एका पाहुण्याने मला जवळजवळ ह्याच शब्दांत हा प्रश्न विचारला होता, आणि तेव्हा मी धाकट्याला कडेवर घेऊन त्यांच्याच ताटात दुसऱ्यांदा कोंबडीचा रस्सा वाढत होते. मी "ही काय, चालू आहे" असे काहीतरी पुटपुटले आणि पुढचे तीन दिवस मनातल्या मनात चांगली उत्तरे रचत राहिले. म्हणून तुम्हाला उत्तर सुचले नाही, याची लाज मुळीच बाळगू नका.

मात्र पत्रातल्या तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल मला तुमच्याशी थोडे भांडायचे आहे. मुलांना की प्रभूला, असा तराजू तुम्ही एकटीने हातात धरला आहे. एका पारड्यात दोन लेकरे, दुसऱ्यात पाचारण, आणि दांडी सरळ ठेवण्याची सगळी जबाबदारी तुमची. तुमचे पती, तुम्हाला पाठवणारी संस्था आणि तुमच्यासाठी दर रविवारी प्रार्थना करणाऱ्या नगरकडच्या मंडळ्या मात्र बाजूला उभ्या राहून दांडी कुठे कलते ते पाहणार. ही मांडणीच चुकीची आहे असे माझे मत आहे. लहान मुलांच्या आईने परदेशात सेवा कशी करावी, हा तिच्या भक्तीचा प्रश्न नसून घराने आणि मंडळीने मिळून करायच्या व्यवस्थेचा प्रश्न आहे, आणि जिथे ती व्यवस्था झाली नाही तिथे काय घडले हे मिशनच्या इतिहासात लिहून ठेवलेले आहे.

बंगालमध्ये आलेले इंग्रज मिशनरी विल्यम केरी यांचे नाव आपल्या घरांत आदराने घेतले जाते. १८०५ साली त्यांचे मराठी व्याकरण निघाले आणि १८११ साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार बाहेर पडला, हे आपण शब्बाथशाळेत शिकलो. (बंगालमधले श्रीरामपूर हं, आपल्या नगर जिल्ह्यातले नव्हे, लहानपणी माझी ही गल्लत बरीच वर्षे टिकली होती.) त्यांच्या पत्नी डॉरथी केरी यांच्याबद्दल मात्र आपल्याला कोणी फारसे सांगितले नाही. डॉरथीबाईंनी सुरुवातीला हिंदुस्थानात यायला नकार दिला होता. बाळंतपण जवळ आले होते. जहाज लांबणीवर पडले, तेवढ्यात त्या बाळंत झाल्या, आणि धाकटी बहीण सोबत येत असेल तर येते असे म्हणून जून १७९३ मध्ये त्या काही आठवड्यांचे तान्हे बाळ आणि आणखी तीन मुलगे घेऊन जहाजावर चढल्या. पुढच्याच वर्षी, बंगालमधल्या मुदनाबाटी येथे, पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला. त्यानंतर डॉरथीबाईंचे मन जे बिघडले ते सावरले नाही. १८०७ मध्ये त्या वारल्या, तोवरची बरीच वर्षे त्यांना खोलीत बंद ठेवावे लागत असे, आणि त्याच घरात केरीसाहेब एकामागून एक भाषांची भाषांतरे करीत होते. आपले व्याकरण त्याच वर्षांतले आहे. मी ते भाषांतर हलके लेखत नाही. त्या परंपरेतल्या शास्त्रावरच माझे पोषण झाले आहे. पण त्या घरातल्या आईचा भार कोणी वाटून घेतला होता का, असे विचारले तर हॅना मार्शमन ह्या दुसऱ्या मिशनरी बाई १७९९ मध्ये श्रीरामपूरला येईपर्यंत जवळपास कोणी नाही, असेच म्हणावे लागते. हॅनाबाईंनी १८०० मध्ये शाळा काढली, तिच्या उत्पन्नावर मिशनचा मोठा खर्च चालला, आणि केरींच्या मोकाट झालेल्या मुलांकडेही त्यांनीच लक्ष दिले. त्यांची स्वतःचीही लेकरे होती. त्यांना हे जमले, कारण श्रीरामपूरच्या मिशनमध्ये सगळ्या कुटुंबांचा पैसा एकत्र होता, जेवणाचे टेबल एक होते आणि कामे वाटलेली होती. तुम्ही आज मुदनाबाटीला आहात, भगिनी. तुम्हाला श्रीरामपूर हवे आहे.

ते कसे उभे करायचे ते सांगते, पण त्याआधी दुपारच्या रडण्याबद्दल. तुम्ही ते पत्रात शेवटी, जाता जाता लिहिले आहे. मला ते सगळ्यांत आधी दिसले. बाळ चौदा महिन्यांचे आहे, झोप तुटक आहे, नवरा चार दिवस घरी नाही, आणि जूनपासून तुमच्याकडे ‘चिपेरोनी’ सुरू झाली असेल, म्हणजे मोझांबिकच्या बाजूने येणारे ते गार धुके आणि दिवस दिवस न थांबणारी बुरबुर. अशा वेळी रडू येणे स्वाभाविक आहे. पण ते आवरत नसेल, दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकत असेल, भूक आणि झोप उडाली असेल, स्वतःबद्दल किंवा मुलांबद्दल भलते विचार येत असतील, तर तो आजार आहे आणि आजारावर डॉक्टरचा उपाय करायचा असतो. बाळंतपणानंतरचे नैराश्य वर्षभरानेही डोके वर काढू शकते. प्रार्थना करा, जरूर करा, पण ताप आल्यावर आपण मलेरियाची तपासणी करतोच ना, तसे हेही तपासून घ्या. पतीला हे पत्र वाचायला द्या. त्या चार दिवसांच्या दौऱ्यांपैकी पुढचा एक रद्द करून त्यांनी तुम्हाला डॉक्टरांकडे न्यावे, असे मी त्यांना ह्या सदरातून सांगते आहे, आणि वयाने मोठी म्हणून सांगण्याचा मला अधिकार आहे.

आता हन्नाविषयी. तुमच्या सासूबाईंनी शास्त्र बरोबर उघडले आहे, पण एक पान पुढे जाऊन वाचायला सुरुवात केली आहे. शमुवेलाचे पहिले पुस्तक, पहिला अध्याय पाहा. एलकानाचे सगळे घराणे वार्षिक यज्ञासाठी शिलोला निघाले तेव्हा हन्ना गेली नाही. मुलाचे दूध तुटेपर्यंत मी येणार नाही, असे तिने नवऱ्याला सांगितले, आणि एलकानाने तुला योग्य वाटेल ते कर, असे उत्तर दिले. एका धर्मशील घरातली बाई अंगावरच्या मुलासाठी देवाच्या मंदिराची वारी चुकवते, आणि शास्त्रात तिला त्याबद्दल कोणी बोल लावत नाही. राहिला प्रश्न शमुवेलाला मंदिरात सोडण्याचा. तो नवस तिचा स्वतःचा होता, तिने तो मूल पोटात येण्याआधी केला होता. सासूने, याजकाने किंवा संस्थेच्या वडिलांनी तो तिच्यावर घातला नव्हता. तुम्ही असा नवस केल्याचे पत्रात तरी म्हटलेले नाही. शिवाय ही हन्ना दर वर्षी एक लहानसा झगा शिवून मुलाला नेऊन देत असे. लांब राहणाऱ्या मुलाच्या मापाचा झगा अंदाजाने शिवणे म्हणजे काय असते, हे ज्यांनी मुले वसतिगृहात ठेवली त्या आयांना ठाऊक आहे.

मुलांना दूर ठेवण्याची चाल मिशनऱ्यांमध्ये जुनीच आहे. मसुरीची वुडस्टॉक शाळा १८५४ मधली, कोडाईकॅनालची १९०१ मधली; दोन्ही ठिकाणी मिशनऱ्यांची मुले वर्षाचे कितीतरी महिने आईवडिलांवाचून राहिली, आणि सहा-सात वर्षांची मुले जहाजाने विलायतेला पाठवण्याचीही रीत होती. आपल्याकडचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८८३ मध्ये त्या आपल्या दोन वर्षांच्या मुलीला, मनोरमेला, घेऊन इंग्लंडला गेल्या, आणि पुढे रमाबाई अमेरिकेत असताना मनोरमा बराच काळ इंग्लंडातल्या वाँटेजच्या मठातल्या भगिनींपाशी राहिली. तीच मनोरमा मोठेपणी मुक्ती मिशनमध्ये आईचा उजवा हात झाली, तेव्हा ताटातूट झाली की मूल वाया जाते असे मी म्हणणार नाही. पण रमाबाई विधवा होत्या, मागे सासर नव्हते, माहेर दुष्काळाने आधीच संपवले होते. तुमच्या मुलीचे आईबाप दोघेही जिवंत आणि धडधाकट एका घरात आहेत. चार वर्षांच्या पोरीला दुसऱ्या खंडात ठेवायचे, तेही तिच्या आईचे दोन प्रहर मोकळे व्हावेत म्हणून, हा सौदा मला अगदी तोट्याचा दिसतो. ठेवू नका.

मात्र सासूबाईंना नुसते ‘नाही’ कळवू नका. त्यांच्या म्हणण्यामागे नात दिसत नाही हे दुःख आहे, सेवेची काळजी त्यानंतर. मलावीची वेळ आपल्या साडेतीन तास मागे असते. म्हणजे नगरला संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा तुमच्याकडे दुपारचे साडेतीन, आणि ही वेळ मुलगी झोपून उठण्याची व तुमचे मन उदास होण्याची, दोन्हींची आहे. रोज ह्या वेळी वीस मिनिटे आजीने व्हिडिओ कॉलवर नातीला गोष्ट सांगावी, बाराखडी गिरवून घ्यावी, गाणे म्हणून घ्यावे. नेट नसेल त्या दिवशी आवाजाचा निरोप चालतो. मराठी घरात टिकेल, आजीला काम मिळेल, तुम्हाला चहा गरम असताना पिता येईल. आणि जमल्यास मोठा पावसाळा संपल्यावर, एप्रिलनंतर, सासूबाईंनाच तीन महिन्यांसाठी तिकडे बोलवा. तिकिटाचा खर्च संस्थेकडे मागायला संकोच वाटेल, तरी मागा. पतीच्या दौऱ्यांसाठी पेट्रोलचे पैसे देताना कोणी संकोचत नाही.

संस्थेशी बोलायचेच आहे, तर ते नीट, लेखी बोला. तुम्हा दोघांना पाठवताना मंडळीसमोर दोघांच्याही डोक्यावर हात ठेवले असतील. मग तुमच्या नियुक्तीत तुमच्याकडून किती तासांची आणि कोणती अपेक्षा लिहिली आहे, हे काढून पाहा. माझा अंदाज असा की काहीच लिहिलेले नाही, आणि जिथे काहीच लिहिलेले नसते तिथे भेटीला येणारा प्रत्येक पाहुणा आपल्या मनातली अपेक्षा लिहून जातो. धाकटा तीन वर्षांचा होईपर्यंत आठवड्याला अमुक तास, त्यात भाषाशिक्षण धरून, आणि पतीचे दौरे महिन्यात इतकेच, असे तिघांनी ठरवून त्यावर सह्या करा. तुमच्या पतीने आठवड्यातल्या दोन सकाळी मुले पूर्णपणे स्वतःकडे घ्यावीत. ‘मदत’ म्हणून नव्हे. ती त्यांचीही मुले आहेत. आमच्या घरी हे ठरायला पाच वर्षे लागली, आणि ठरल्यावर कळले की यजमानांना मऊ भात आणि लंगोटाची पिन, दोन्ही उत्तम जमतात.

घरकामाला बाई ठेवण्याविषयी तुम्ही काही लिहिले नाही, त्यावरून तुम्ही ठेवली नसावी असे वाटते. मीही पहिली दोन वर्षे ठेवली नव्हती. मिशनरीने गरिबांकडून धुणी धुवून घ्यावीत का, असा माझा प्रश्न असे. शेजारच्या बाईंनी एक दिवस सरळ विचारले की तुमच्याकडे पैसे आहेत, माझ्याकडे काम नाही, मग तुम्ही स्वतःच का धुता? योग्य पगार, ठरलेली सुट्टी, आजारपणाचे पैसे, आणि घरात बसायला समान जागा, एवढे पाळा आणि निर्धास्त ठेवा. तुमच्या आजूबाजूला एकही आई एकटीने मूल वाढवत नसेल. चितेंजेमध्ये, म्हणजे तिथल्या बायका नेसतात त्या कापडात, पाठीला बांधलेले बाळ कधी आईच्या पाठीवर, कधी मावशीच्या, कधी आठ वर्षांच्या बहिणीच्या पाठीवर असते. आपल्या घरीही आजी, आत्या, शेजारीण अशीच व्यवस्था होती. एकटीने सगळे करणारी आई मी तरी मिशनच्या बंगल्यांतच पाहिली. १८२५ मध्ये बर्मात अमेरिकन मिशनरी अडोनिरम जडसन तुरुंगात होते, त्यांच्या पत्नी ॲन जडसन तापाने इतक्या खंगल्या की अंगावरचे दूध आटले, आणि तान्ह्या मारियाला त्या गावातल्या बर्मी आयांनी पाजले. सुवार्ता द्यायला गेलेल्यांनी त्या दिवसांत घेतलेच अधिक.

तुम्ही शिक्षिका आहात, आणि ते कौशल्य पडून आहे हेच तुम्हाला खरे डाचत असावे. तेव्हा एकच काम घ्या, एकच, आणि ते मुले जवळ असताना होण्यासारखे घ्या. सध्या ते काम भाषेचे असावे असे मी सुचवेन. आठवड्यातून तीन सकाळी चिचेवा शिकवणारी एखादी बाई घरी बोलवा. तुमची मुलगी तुमच्या आधी बोलू लागेल आणि तुमच्या चुका काढील, त्याची तयारी ठेवा. तिथे तुम्हाला सगळे ‘अमायी’ म्हणत असतील. अमायी म्हणजे आई, आणि मोठ्या बाईला मानाने हाक मारायची तीही अमायीच. आपल्या ‘माय’शी ह्या शब्दाचे नाते काहीच नाही, पण पहिल्या दिवशी मला तो ऐकून भरून आले होते.

माझ्या भाषेची खरी सुरुवात धाकट्याच्या पाठीवरच्या गळवांनी झाली. पाच-सहा लाल फोड, प्रत्येकाच्या मधोमध बारीक छिद्र. मी घाबरून प्रार्थना करीत बसले होते. शेजारीण आली, तिने पाहिले, हसली, व्हॅसलीनचा जाड थर लावला, आणि थोड्या वेळाने एकेक फोड दाबून पांढरी अळी बाहेर काढली. ओल्या कपड्यांवर अंडी घालणारी ती माशी तुम्हाला आता माहीत असेलच. दुसऱ्या दिवशी ती कोळशाची इस्त्री आणि आणखी चार जणी घेऊन आली. माझ्या ओसरीवर त्या सगळ्या लंगोटांना इस्त्री कशी करायची ते मला शिकवीत होत्या आणि माझ्या मोडक्या न्यांजावर (चिचेवाचेच झांबियातले नाव) पोट धरून हसत होत्या. पुढच्या गुरुवारी त्या पुन्हा आल्या, त्यांतल्या एकीने तिच्या मेलेल्या बाळाबद्दल सांगितले, आणि मी त्या भाषेत माझी पहिली प्रार्थना केली. व्याकरण चुकले होते. माझ्या यजमानांच्या अहवालात त्या गुरुवारची कधीच नोंद झाली नाही, कारण मीच त्यांना सांगितले नव्हते. ती माझी चूक.

म्हणून तुमच्या पुढच्या प्रार्थनापत्रात अर्धे पान तुमचे असू द्या, आणि त्यात जे घडते तेच लिहा. चिपेरोनीत तीन दिवस काही वाळले नाही, मुलगी चिचेवात भांडायला शिकली, अमुक अमायीच्या घरी ताप आहे, मी थकले आहे आणि डॉक्टरांना भेटले. मंडळ्यांना वाईट वाटेल अशी तुम्हाला भीती असेल. नगरच्या बायकांनी ते वाचले की त्या प्रार्थना तर करतीलच, शिवाय लोणच्याची बरणी कोणाबरोबर तरी पाठवतील, असा माझा अनुभव आहे.

दोन वर्षांनंतरही, व्यवस्था करून, औषध घेऊन, विश्रांती घेऊनही तुम्हाला तिथे राहवले नाही, तर मुले लहान असेपर्यंत परत या. पाचारण काही सरकारी अर्ज नव्हे की मुदत टळली म्हणून बाद व्हावे. पण आज परत येण्याचा निर्णय घेऊ नका, आणि मुलीला पाठवण्याचाही नाही. दमलेल्या माणसाने दुपारी कोणताच मोठा निर्णय घेऊ नये.

धाकट्याच्या लसींचे कार्ड एकदा तिथल्या दवाखान्यात दाखवा; मलावीत २०१९ पासून बाळांना मलेरियाची लस देऊ लागले आहेत, ती त्याला लागू आहे का ते तेच सांगतील, आणि लस मिळाली तरी मच्छरदाणी सोडायची नाही. लंगोट ह्या दिवसांत घरात, चुलीच्या वर दोरी बांधून वाळवा, आणि इस्त्री फिरवताना शिवणीवर आणि इलॅस्टिकच्या घड्यांवर थोडा जास्त वेळ दाबून धरा. अंडी तिथेच राहतात.

तुमची,
सदरलेखिका